इंजिनाचं टायमिंग: आधी बघा, मग फिरवा

आजच्या भागात आपण गाडीचं बॉनेट उघडणार आहोत. इथल्या भाषेत हूड म्हणा, पण आपल्या तोंडात अजून बॉनेटच बसलेलं आहे. विषय एकच: इंजिनाचं टायमिंग. ते म्हणजे काय, बरोबर आहे की नाही हे कसं बघायचं, आणि बिघडलं असेल तर कसं लावायचं.

हा विषय घ्यायचं कारण अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या ओळखीचं आहे. शिकायला आलेली मुलं जुनी सिव्हिक किंवा कॅमरी सीनियरकडून विकत घेतात. दोन वर्षांनी नोकरी लागली की तीच गाडी पुढच्या बॅचमधल्या कुणाला तरी जाते. किल्ली मिळते, टायटल मिळतं, पण गाडीवर आजवर काय काय काम झालं त्याचे कागद मिळत नाहीत. मग एक दिवस गाडी चढावर दम टाकते, किंवा सकाळी सुरू व्हायला कुरकुर करते, आणि कुणीतरी सांगतं, "टायमिंग गेलं असेल, डिस्ट्रिब्युटर थोडा फिरव." फिरवल्यावर गाडी कधी कधी सुधारतेसुद्धा. पण खरं दुखणं दुसरीकडेच असेल, तर त्या फिरवण्याने ते फक्त झाकलं जातं, आणि झाकलेलं दुखणं पुढे अख्खं इंजिन घेऊन जाऊ शकतं. म्हणून आजचं मुख्य सांगणं एवढंच: टायमिंग आधी मोजायचं. फिरवायचं की नाही ते मोजल्यावर ठरवायचं.

ठिणगी आधी का पडते?

पेट्रोलच्या इंजिनात पिस्टन सिलिंडरमध्ये वर-खाली होतो. खाली जाताना हवा आणि पेट्रोल आत ओढतो, वर येताना ते मिश्रण दाबतो, मग ठिणगी पडून मिश्रण जळतं आणि पिस्टनला जोरात खाली ढकलतं, आणि पुन्हा वर येताना पिस्टन धूर बाहेर काढतो. हे चार टप्पे पुरे होईपर्यंत क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात.

पिस्टन अगदी वरच्या टोकाला असतो त्या जागेला टीडीसी म्हणतात. ठिणगी बरोबर तिथेच पडायला हवी, असं सहज वाटतं. पण मिश्रण बंदुकीच्या बारासारखं एका क्षणात उडत नाही. ज्योत स्पार्क प्लगपाशी लागते आणि तिथून पसरत जाते, आणि त्याला वेळ लागतो. दिवाळीत फटाका आपल्याला हवा तेव्हा वाजायचा असेल तर वात थोडी आधी पेटवावी लागते, तसंच हे. पिस्टन टीडीसी ओलांडून साधारण १० ते १५ अंश खाली उतरला की त्याच्यावर सगळ्यात जास्त दाब यायला हवा. त्यासाठी ठिणगी टीडीसीच्या काही अंश आधीच टाकतात. याला ॲडव्हान्स म्हणतात.

आता जरा वेळेचा हिशोब बघू. इंजिन मिनिटाला ७५० फेरे घेत असेल तर क्रँकशाफ्ट एका सेकंदात ४,५०० अंश फिरतो. म्हणजे १६ अंश फिरायला त्याला सेकंदाचा सुमारे २८० वा भाग लागतो. मिनिटाला ३,००० फेरे झाले की हीच वेळ चौपट कमी होते. म्हणून वेग वाढला की ठिणगी आणखी आधी पडावी लागते. हे काम जुन्या गाड्यांत डिस्ट्रिब्युटरमधली वजनं आणि स्प्रिंगा करायच्या, त्यांच्या जोडीला इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणारी एक डबी असायची. नंतरच्या गाड्यांत ते कंप्युटर करतो. आपण हाताने लावतो ते फक्त मूळ टायमिंग, म्हणजे ज्या पायावर हा बाकीचा हिशोब उभा राहतो तो पाया.

पाया चुकला तर काय होतं? मुलाला झोका देताना तो आपल्याकडे येत असतानाच ढकललं तर आपल्याच मनगटाला हिसका बसतो, आणि तो लांब गेल्यावर हात पुढे केला तर ढकलणं वाया जातं. ठिणगी फार लवकर पडली तर वर येणाऱ्या पिस्टनला उलटा तडाखा बसतो. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा आवाज येतो. त्याला नॉकिंग म्हणतात. ते बरेच दिवस चालू राहिलं तर पिस्टन आणि त्यावरच्या रिंगा खराब होतात. ठिणगी उशिरा पडली तर आवाज होत नाही, पण पिकअप जातो, पेट्रोल जास्त लागतं आणि इंजिन तापतं. अर्धवट जळणारा जाळ एक्झॉस्टमध्ये गेल्याने तिथलं सगळंही जास्त तापतं.

मात्र ही लक्षणं फक्त टायमिंगची नसतात. नॉकिंग कमी ऑक्टेनच्या पेट्रोलमुळे होतं, सिलिंडरमध्ये साचलेल्या कार्बनमुळे होतं, इंजिन तापल्यानेही होतं. पिकअप तुंबलेल्या एअर फिल्टरमुळेही जातो. नुसतं कानाने ऐकून टायमिंग ठरवणं म्हणजे कपाळाला हात लावून तापाचा आकडा सांगण्यासारखं आहे. थर्मामीटर लावावा लागतो. इथला थर्मामीटर म्हणजे टायमिंग लाइट.

एका इंजिनात दोन टायमिंग

कृतीकडे जाण्याआधी एक फरक लक्षात घ्या, कारण सगळा घोटाळा इथेच होतो.

पहिलं टायमिंग ठिणगीचं. त्याला इग्निशन टायमिंग म्हणतात. दुसरं झडपांचं, म्हणजे व्हॉल्व्हचं. हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा कॅमशाफ्ट उघडतो. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होताना कॅमशाफ्टचा एक फेरा व्हायला हवा, आणि तोही दात न दात जुळवून. या दोघांना बांधून ठेवतो तो टायमिंगचा पट्टा किंवा साखळी.

ठिणगीचं टायमिंग डिस्ट्रिब्युटर फिरवून बदलता येतं. झडपांचं तसं बदलता येत नाही. त्यासाठी पट्टाच काढून नीट बसवावा लागतो. दोघांचा संबंध पुढे येईलच.

तुमच्या गाडीत काय आहे?

तुमची गाडी गेल्या वीसेक वर्षांतली असेल तर तिच्यात डिस्ट्रिब्युटर नसण्याचीच शक्यता आहे. तिथे फिरवायला काही नाही. तुम्ही थेट पट्ट्याच्या भागाकडे गेलात तरी चालेल.

अगदी जुन्या गाड्यांत, म्हणजे ज्यांना आपले काका-मामा "पॉइंट साफ केला का?" असं विचारायचे त्या गाड्यांत, ठिणगीची वेळ कॉन्टॅक्ट पॉइंट ठरवायचे. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी ही आपल्या ओळखीची. टॅक्सी म्हणून ती २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. त्या गाड्यांत पॉइंटची टाच घासत जायची, पॉइंटमधली फट कमी व्हायची, आणि ठिणगी हळूहळू उशिरा पडू लागायची. म्हणून तिथे आधी फिलर गेजने फट लावायची आणि मगच टायमिंग, असा क्रम असे. इथे कुणी हौसेने जुनी बीटल किंवा एमजी बाळगली असेल, तर हाच क्रम आजही पाळावा लागतो.

आज उदाहरण म्हणून आपण १९९२ ते १९९५ ची होंडा सिव्हिक घेऊ. अजूनही रस्त्यावर दिसणारी ही गाडी शिकायला उत्तम आहे. हिच्यात डिस्ट्रिब्युटर आहे, कंप्युटरही आहे, आणि मोजणीची चिन्हं पुलीवर स्पष्ट कोरलेली आहेत.

तुमची गाडी दुसरी असेल तर पद्धत तीच, आकडे वेगळे. आकडा बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या लेबलवर असतो, नाहीतर त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये. शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा वापरू नका. दिसायला सारख्या गाड्यांचेही आकडे वेगळे असतात. साठच्या दशकातल्या बऱ्याच बीटलना टीडीसीच्या साडेसात अंश आधीचा आकडा आहे, तर अमेरिकेत विकलेल्या १९७१ ते १९७३ च्या काही बीटलना चक्क ५ अंश नंतरचा.

तयारी

लागणारं सामान थोडं आहे: इंडक्टिव्ह टायमिंग लाइट, १२ मिलिमीटरचा पाना, तारेचा एक छोटा तुकडा, खडू किंवा पांढरा रंग, आणि एक फडकं. अवजारं विकत घ्यायलाच हवीत असं नाही. ऑटो पार्ट्सची बरीच दुकानं डिपॉझिट घेऊन ती वापरायला देतात.

आता सुरक्षेचं. इंजिन चालू असताना हात आत घालायचे आहेत, म्हणून हे नीट ऐका. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, चाकाला अडण लावलेली. ऑटोमॅटिक असेल तर पार्कमध्ये, नाहीतर न्यूट्रलमध्ये. काम उघड्यावर करा. गराजचं दार बंद करून इंजिन चालवलं तर कार्बन मोनॉक्साइड साचतो, आणि त्याला ना वास ना रंग. ओढणी, मफलर, सैल बाह्या, बांगड्या, गळ्यातली साखळी काढून ठेवा, लांब केस बांधा. पेसमेकर बसवलेल्या माणसाने चालू इंजिनावर वाकू नये. आणि एक कमी माहीत असलेला धोका: टायमिंग लाइटच्या उजेडात फिरणाऱ्या वस्तू थांबल्यासारख्या दिसतात. पुली थांबलेली दिसते तशीच पट्ट्याने फिरणारी बाकीची चाकंही दिसू शकतात. दिसलं थांबलेलं म्हणून बोट लावू नका.

इंजिन बंद असताना पुली शोधा. या सिव्हिकमध्ये ती ड्रायव्हरच्या बाजूला, इंजिनाच्या खालच्या टोकाला आहे. तिच्या कडेवर खाचा आहेत. एक एकटी, पांढऱ्या रंगाची: ती टीडीसी. थोड्या अंतरावर तीन जवळजवळ: त्यातली मधली लाल. ही मधली म्हणजे आपला आकडा, टीडीसीच्या १६ अंश आधी. तिच्या दोन्ही बाजूंच्या खाचा म्हणजे दोन अंश कमी आणि दोन अंश जास्त, म्हणजे चालणारी मर्यादा. पुलीशेजारी पट्ट्याच्या झाकणावर एक टोकदार खूण आहे, तिच्याशी हे जुळवायचं. रंग उडालेला असेल तर खाचा पुसून मधल्या खाचेत खडू भरा. खाच खाली गेली असेल तर पाना लावून इंजिन हाताने फिरवा, पण त्याच्या नेहमीच्या दिशेनेच. हे इंजिन पुलीच्या बाजूने बघितलं तर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतं.

मोजणी

पहिली पायरी: इंजिन सुरू करून पूर्ण गरम होऊ द्या. रेडिएटरचा पंखा आपोआप एकदा-दोनदा लागून बंद झाला की इंजिन गरम झालं असं समजा. एसी, दिवे, काचेचा हीटर, रेडिओ सगळं बंद. हो, आमचा कार्यक्रमसुद्धा! इंजिन आता त्याच्या नेहमीच्या आयडलवर शांत चालायला हवं. आयडल फार जास्त असेल तर आधी त्याचं कारण शोधा, कारण मूळ टायमिंगचा आकडा ठरलेल्या आयडलसाठीच असतो. मग इंजिन बंद करा.

दुसरी पायरी: कंप्युटरला गप्प बसवायचं. पॅसेंजरच्या बाजूला, डॅशबोर्डच्या खालच्या कोपऱ्यात, दोन पिनांचा एक सर्व्हिस कनेक्टर मोकळा लटकत असतो. त्याच्या दोन पिना तारेच्या तुकड्याने जोडा. आता किल्ली फिरवली की चेक इंजिनचा दिवा लागून राहतो किंवा लुकलुकतो. घाबरू नका, तसंच व्हायला हवं. ही तार जोडली नाही तर आयडल सांभाळण्यासाठी कंप्युटर सतत टायमिंग पुढे-मागे करत राहतो, आणि तुम्ही त्या हलत्या आकड्यामागे धावत बसता. "टायमिंग लावलं तरी टिकत नाही" या तक्रारीचं हे एक अगदी साधं कारण आहे.

तिसरी पायरी: टायमिंग लाइट जोडा. लाल चिमटा बॅटरीच्या अधिक टोकाला, काळा उणे टोकाला. तिसरा जाड चिमटा एक नंबरच्या स्पार्क प्लगच्या वायरवर. एक नंबरचा सिलिंडर पुलीच्या बाजूचा, पहिला. चिमट्यावर बाण असेल तर त्याचं टोक प्लगकडे असू द्या. लाइटवर अंश बदलण्याची चकती असेल तर ती शून्यावर ठेवा. सगळ्या वायरी पंख्यापासून आणि पट्ट्यांपासून लांब बांधा.

चौथी पायरी: इंजिन सुरू करा आणि लाइटचा झोत पुलीच्या खुणेवर धरा. एक नंबरला ठिणगी पडते त्याच क्षणी लाइट चमकतो. मिनिटाला ७५० फेरे असतील तर मिनिटाला ३७५ वेळा, म्हणजे सेकंदाला साधारण सहा वेळा. प्रत्येक वेळी पुली त्याच जागी असते, म्हणून ती थांबल्यासारखी दिसते. घरातल्या मुलामुलींना हे जरूर दाखवा, लांबून. गरगर फिरणारं चाक उजेडात स्थिर दिसणं ही शाळेच्या पुस्तकाबाहेर क्वचित बघायला मिळणारी गोष्ट आहे.

खूण काय सांगते?

लाल खाच टोकदार खुणेसमोर स्थिर दिसत असेल, किंवा तिच्या दोन्ही बाजूंच्या खाचांच्या आत असेल, तर टायमिंग बरोबर आहे. काम झालं. अवजारं आवरा, सर्व्हिस कनेक्टरमधली तार काढा, आणि गाडीच्या तक्रारीचं कारण दुसरीकडे शोधा: प्लग, प्लगच्या वायरी, एअर फिल्टर, पेट्रोल. इथे "थोडं पुढे करून बघू, पिकअप वाढेल" हा मोह होतो. तरुण मंडळींना जास्तच. थोडासा फरक जाणवतोही. पण त्याची किंमत म्हणजे नॉकिंग, आणि ते टाळायला मग महाग पेट्रोल. शिवाय कॅलिफोर्नियासारख्या राज्यात जुन्या गाड्यांच्या स्मॉग चेकमध्ये इग्निशन टायमिंगही तपासतात. ते लेबलशी जुळलं नाही तर गाडी नापास होऊ शकते.

खूण एका जागी न राहता थरथरत असेल तर फिरवू नका. तार नीट जोडली आहे का ते बघा. तरीही थरथरत असेल तर डिस्ट्रिब्युटरचं बेअरिंग झिजलेलं असू शकतं, प्लगची वायर खराब असू शकते किंवा पट्टा सैल झालेला असू शकतो. सैल गोष्ट फिरवून घट्ट होत नाही.

खूण स्थिर आहे, पण मर्यादेच्या बाहेर आहे, तर मात्र टायमिंग लावायचं.

टायमिंग लावणं

डिस्ट्रिब्युटर सिलिंडर हेडच्या दुसऱ्या टोकाला, गिअरबॉक्सच्या बाजूला आहे. तो तीन बोल्टांनी बसवलेला आहे, आणि बोल्टांच्या जागी लांबट फटी आहेत. म्हणूनच तो थोडा फिरतो. काहीही करण्याआधी त्याची आत्ताची जागा खडूने खुणावून ठेवा, म्हणजे गोंधळ झाला तर परत येता येईल.

इंजिन बंद करून बोल्ट जरासे सैल करा. जोर लावल्यावर डिस्ट्रिब्युटर फिरावा, पण आपोआप हलू नये, इतपतच. इंजिन पुन्हा सुरू करा. एका हातात लाइट, दुसऱ्या हाताने डिस्ट्रिब्युटरचं धड पकडून केसभर हलवा. वायरींना हात नको. तिथे हजारो व्होल्टचा दाब असतो आणि जुन्या वायरीतून झटका बसू शकतो. कुठल्या बाजूला फिरवायचं हे पाठ करायची गरज नाही, खूणच सांगते: जवळ आली तर दिशा बरोबर, लांब गेली तर उलट. लाल खाच समोर आली की थांबा.

इंजिन बंद करून बोल्ट आवळा आणि पुन्हा एकदा मोजा. आवळताना डिस्ट्रिब्युटर किंचित सरकतो, म्हणून ही दुसरी मोजणी टाळू नका. शेवटी तार काढा आणि इंजिन सुरू करून चेक इंजिनचा दिवा विझतो का ते बघा.

आता आजच्या भागातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. डिस्ट्रिब्युटर फटीच्या अगदी टोकापर्यंत नेल्याशिवाय खूण जुळतच नसेल, तर तिथेच थांबा. नीट जोडलेल्या इंजिनात खूण फटीच्या मधल्या भागात कुठेतरी जुळते. ती जुळत नाही याचा अर्थ टायमिंगचा पट्टा एखादा दात सरकलेला असू शकतो. डिस्ट्रिब्युटर कॅमशाफ्टवरच फिरतो. कॅमशाफ्ट मागे पडला की ठिणगीही मागे पडते. तुम्ही डिस्ट्रिब्युटर ओढून ठिणगी जागेवर आणली, तरी झडपा चुकीच्याच वेळी उघडत राहतात. गाडी बरी चालल्यासारखी वाटते, आणि सरकलेला पट्टा पुढचा दात केव्हाही सोडू शकतो.

पट्टा: इथे इंजिन जातं

पट्टा तपासायला वरचं झाकण काढावं लागतं. या सिव्हिकमध्ये पुलीची पांढरी खाच टोकदार खुणेसमोर आणायची. मग कॅमशाफ्टच्या चाकावरची "अप" ही अक्षरं वर असायला हवीत, आणि चाकावरच्या दोन खुणा सिलिंडर हेडच्या वरच्या पातळीशी सरळ रेषेत. "अप" खाली दिसली तर घाबरू नका, क्रँकशाफ्ट आणखी एक पूर्ण फेरा फिरवा. पण एका टोकाला खूण जुळते आणि दुसऱ्या टोकाला दातभर चुकते, असं असेल तर पट्टा सरकलेला आहे.

पट्टा तुटला तर काय होतं ते इंजिनाच्या बांधणीवर अवलंबून आहे. काही इंजिनांत उघडी झडप आणि वर आलेला पिस्टन एकमेकांच्या वाटेत येतात. होंडाची ही सिव्हिक त्यातली. पट्टा तुटल्या क्षणी झडपा वाकतात, आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतो. गाडी हायवेवर असताना हे झालं तर इंजिन एकदम बंद पडतं, स्टिअरिंग आणि ब्रेक जड होतात. उलट नव्वदच्या दशकातल्या २.२ लिटरच्या चार सिलिंडर कॅमरीत झडपा पिस्टनला लागत नाहीत. गाडी रस्त्यात थांबते, पण नवा पट्टा बसवला की पुन्हा चालते.

म्हणून पट्टा तुटायची वाट बघायची नसते, तो मुदतीवर बदलायचा. नव्वदच्या दशकातल्या होंडांना मॉडेलप्रमाणे ही मुदत साधारण ९०,००० ते १,०५,००० मैल किंवा सहा ते सात वर्षं, यातलं जे आधी होईल ते. वर्षांचा हिशोब विसरू नका. रबराचं वय गाडी उभी असतानाही वाढतं. कमी चाललेली जुनी गाडी मैलांत तरुण असते, पट्ट्याच्या वयात म्हातारी.

आणि कागद नसलेल्या गाडीसाठी एकच नियम: पट्टा बदलल्याची पावती नसेल तर तो बदललेला नाही असं धरा. "मागच्या मालकाने सांगितलं होतं" ही पावती नव्हे. गाडी विकत घेताना हा खर्च किमतीतून वजा करून बोला. आणि तुम्ही विकणारे असाल तर पावत्यांची फाइल किल्लीबरोबर द्या. पुढच्या बॅचच्या त्या मुलीला किंवा मुलाला त्याहून उपयोगी दुसरं काही देता येणार नाही.

नव्या गाड्यांचं काय?

आजच्या गाड्यांत प्रत्येक प्लगला आपली कॉइल असते आणि ठिणगीची वेळ कंप्युटर ठरवतो. क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट कुठे आहेत हे त्याला सेन्सर सांगतात. नॉकिंग ऐकणारा वेगळा सेन्सर असतो, तो कुरकुरला की कंप्युटर ठिणगी थोडी मागे घेतो. इथे आपण लावायचं काही नाही, पण बघायचं आहे. १९९६ पासून अमेरिकेत विकलेल्या सगळ्या गाड्यांत डॅशबोर्डखाली ओबीडी-दोन हा सॉकेट आहे. त्याला साधा स्कॅनर लावला तर चालू इंजिनाचा ॲडव्हान्स अंशांत दिसतो. पी ००१६ हा कोड आला तर क्रँकशाफ्ट आणि कॅमशाफ्ट यांचा मेळ चुकला आहे असा त्याचा अर्थ. तो कोड पुसून गाडी चालवत राहू नका.

सिव्हिकला २००६ पासून, चार सिलिंडर अकॉर्डला २००३ पासून आणि चार सिलिंडर कॅमरीला २००२ पासून पट्ट्याऐवजी साखळी आहे. साखळीला बदलण्याची ठरावीक मुदत नसते, पण इंजिन ऑइल वेळेवर बदललं नाही तर तीही सैल होते. मात्र मुलाबाळांच्या कुटुंबांत हमखास दिसणाऱ्या दोन व्हॅनकडे लक्ष द्या. होंडा ओडिसीच्या व्ही-सिक्स इंजिनात पट्टाच आहे. टोयोटा सिएनात २००६ पर्यंत पट्टा, २००७ पासून साखळी. मेंटेनन्स माइंडर असलेल्या ओडिसीत डॅशबोर्डवर "४" हा आकडा आला की त्यात टायमिंगचा पट्टा बदलणंही येतं. बरेच जण तो ऑइलचाच इशारा समजून ऑइल बदलतात आणि आकडा पुसून टाकतात.

गॅरेजमध्ये काय विचाराल?

पट्टा बदलणं हे घरी पहिल्यांदा करून बघायचं काम नाही. ते गॅरेजला द्या, पण हे चार प्रश्न विचारून. पट्ट्याबरोबर टेन्शनर बदलणार का? पट्ट्यावरच वॉटर पंप चालत असेल, जसा या सिव्हिकमध्ये चालतो, तर तोही बदलणार का? कारण पंप नंतर गळला तर तेच सगळं उघडण्याची मजुरी पुन्हा द्यावी लागते. पट्टा बसवल्यावर इंजिन हाताने दोन फेरे फिरवून खुणा पुन्हा तपासणार का? आणि डिस्ट्रिब्युटर असलेल्या गाडीत शेवटी टायमिंग लाइटने मोजून आकडा पावतीवर लिहून देणार का? नीट काम करणारा मेकॅनिक या प्रश्नांनी रागावत नाही.

हा भाग अर्काइव्हमध्ये वाचत असाल तर तयारीपासून लावण्यापर्यंतच्या पायऱ्या छापून घ्या आणि काम करताना जवळ ठेवा. आणि आज रात्री एक छोटं काम करा: गाडीच्या ग्लव्ह बॉक्समधले कागद काढून पट्ट्याची पावती आहे का ते बघा. असेल तर तारीख आणि मैल वहीत लिहून ठेवा. नसेल तर उद्या फोन करायचा आहे.

पुढच्या भागात भेटू. तोवर गाडी जपून चालवा. नमस्कार.